आठ मिलिमीटरचं पोलाद

इंदापूर तालुका म्हटलं की पुणेकराला ऊस आठवतो, डाळिंबाच्या बागा आठवतात, हिवाळ्यात भिगवणला उतरणारे रोहित पक्षी आठवतात. रॉकेट आठवत नाही. खरं तर आठवायला हवं. 14 जुलै 2023 रोजी दुपारी 2 वाजून 35 मिनिटांनी चांद्रयान-3 घेऊन श्रीहरिकोट्याहून जे एलव्हीएम-3 रॉकेट उडालं, त्याच्या दोन्ही अंगांना जोडलेल्या एस-200 बूस्टरांची पोलादी कवचं ज्या कारखान्यांनी घडवली, त्यांत याच तालुक्यातला वालचंदनगरचा कारखाना होता.

त्या दिवशीचं चित्रीकरण आपण सगळ्यांनी डोळे भरून पाहिलं. पण एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटली असेल. रॉकेट जमिनीवरून उठतं तेव्हा त्याचं मधलं इंजिन पेटलेलंच नसतं. ते पेटतं सुमारे 108 सेकंदांनंतर. तोवर 640 टनांचं अख्खं धूड फक्त त्या दोन बूस्टरांच्या जोरावर चढत असतं. प्रत्येक बूस्टरमध्ये 200 टनांहून जास्त घन इंधन जळत असतं. आतल्या वायूचं तापमान तीन हजार अंशांच्या घरात असतं. बूस्टरचा व्यास 3.2 मीटर. आणि हा सगळा कल्लोळ कवेत धरून ठेवणाऱ्या पोलादी भिंतीची जाडी किती, तर जेमतेम 8 मिलिमीटर.

हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा माझा विश्वासच बसला नाही. म्हणून कागद-पेन्सिल घेतली. तुम्हीही घ्या, गणित शाळेतलंच आहे. नळीच्या आत दाब असला की तिच्या भिंतीत किती ताण येतो, हे काढायचं सूत्र सोपं आहे: दाब गुणिले त्रिज्या, भागिले जाडी. आतला दाब 50 वातावरणांचा धरू, म्हणजे 5 मेगापास्कल. त्रिज्या 1600 मिलिमीटर, जाडी 8. उत्तर येतं 1000 मेगापास्कल. एक मेगापास्कल म्हणजे एका चौरस मिलिमीटरवर साधारण 100 ग्रॅमचा भार. म्हणजे त्या भिंतीचा प्रत्येक चौरस मिलिमीटर 100 किलोंनी ताणला जातोय.

घराच्या ग्रिलला, कारखान्याच्या शेडला जे साधं माइल्ड स्टील लागतं, ते 250 मेगापास्कलच्या आसपास कायमचं वाकायला लागतं. तेच इथं वापरायचं म्हटलं, तर सुरक्षेची कसलीही जादा तरतूद न ठेवतासुद्धा भिंत चौपट जाड, 32 मिलिमीटरची करावी लागेल. 20 मीटर लांबीची नळी धरली, तर 8 मिलिमीटरच्या भिंतीचं वजन सुमारे 13 टन भरतं आणि 32 मिलिमीटरच्या भिंतीचं 50 टन. दोन बूस्टर मिळून सत्तर-पंचाहत्तर टनांचा जास्तीचा बोजा. चांद्रयान-3 चं वजन होतं 3,900 किलो. चंद्रावर जायचं की आपलंच लोखंड वाहायचं, हा प्रश्न असा एका भिंतीच्या जाडीवर येऊन ठेपतो.

एस-200 साठी जे पोलाद वापरतात त्याचं नाव मॅरेजिंग स्टील, प्रत 250. ते 1700 मेगापास्कलपर्यंत दाद देत नाही. एक चौरस मिलिमीटरच्या तारेला दोन धट्टीकट्टी माणसं लटकवली तरी ती तार सोडून दिल्यावर जशीच्या तशी पूर्ववत होईल, इतकं ते बळ आहे. आणि हे पोलाद घडतं कसं, ही मला ठाऊक असलेल्या सगळ्यात विलक्षण कथांपैकी एक आहे.

कथा सुरू होते एका कोड्यापासून. लोखंडाच्या अणूंमधले बंध किती घट्ट असतात, हे भौतिकशास्त्रज्ञांना मोजता येऊ लागलं, तेव्हा हिशेब निघाला की निर्दोष लोखंडाच्या स्फटिकानं दहा हजार मेगापास्कलच्या आसपासचा ताण सहज सोसायला हवा. प्रत्यक्षात शुद्ध मऊ लोखंड शंभराच्या आतच वाकतं. शंभरपटीची ही तफावत येते कुठून? 1934 मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलानी या तीन शास्त्रज्ञांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे एकच उत्तर दिलं. स्फटिकात अणूंच्या ओळी असतात आणि त्या ओळींत चुका असतात. मध्येच एखादी ओळ अर्धवट संपते. या चुकीला डिसलोकेशन म्हणतात.

पंढरपूरच्या दर्शनबारीत हजारो माणसं उभी असतात. ती सगळी रांग एकाच वेळी ढकलून पुढं नेणं कुणालाही शक्य नाही. पण पुढचा एक जण पाऊल टाकतो, त्याच्या मागं रिकामी जागा होते, मग त्याच्या मागचा सरकतो. ती रिकामी जागा रांगेतून मागं मागं पळत जाते आणि शेवटाला पोचते तेव्हा अख्खी रांग एक पाऊल पुढं गेलेली असते. डिसलोकेशन स्फटिकातून असंच पळतं. सगळे बंध एकदम तोडावे लागत नाहीत. एका वेळी एकाच ओळीचे तुटतात आणि पुन्हा जुळतात. म्हणून धातू वाकतो. म्हणूनच लोहाराला लोखंड ठोकून पसरवता येतं आणि आपल्याला पत्र्याला घडी घालता येते.

ही नुसती कल्पना नाही, हे 1956 मध्ये ब्रेनर या अमेरिकी संशोधकानं दाखवून दिलं. त्यानं लोखंडाचे दीड-दोन मायक्रॉन जाडीचे, जवळजवळ निर्दोष तंतू वाढवले आणि ताणून पाहिले. त्यांतला एक 13,000 मेगापास्कलपर्यंत टिकला. लोखंड मुळातच इतकं बलवान आहे. त्याला कमजोर करतात त्या ओळींमधल्या चुका.

पण रॉकेटचं कवच निर्दोष तंतूंनी बांधता येत नाही. टनावारी ओतलेल्या पोलादात चुका असणारच, दर घन सेंटिमीटरला अब्जावधी. त्या नाहीशा करता येत नसतील, तर त्यांची वाट अडवायची. अतिबलवान पोलादाचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आहे. ती वाट अडवायची कशी, हे उसाच्या फडातल्या लोहाराला शास्त्र जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून हाताला ठाऊक होतं.

कोयत्याला लोहार पाणी देतो तेव्हा काय होतं ते पाहण्यासारखं आहे. तापून लाल झालेल्या लोखंडात अणूंची मांडणी बदलते, आणि या नव्या मांडणीत कार्बनच्या अणूंना बसायला जागा मिळते. सावकाश थंड केलं तर कार्बन बाहेर पडतो. पण पाण्यात झटकन बुडवलं की त्याला बाहेर पडायला सवडच मिळत नाही. तो आतच अडकतो आणि भोवतीची सगळी जाळी ताणून वेडीवाकडी करून टाकतो. या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात. ती पसरते धातूतल्या आवाजाच्या वेगाच्या जवळपास. चुर्रर्र आवाज कानावर पडेपर्यंत काम उरकलेलं असतं. वेड्यावाकड्या जाळीतून डिसलोकेशनला पळता येत नाही, म्हणून कोयता कठीण होतो. आणि ठिसूळही होतो, म्हणून लोहार तो परत थोडा शेकतो.

याच वाटेनं पुढं गेलं की विमानाच्या लँडिंग गिअरचं पोलाद मिळतं. 300एम नावाच्या त्या पोलादात 0.4 टक्के कार्बन असतो आणि चिवटपणा टिकावा म्हणून दीड टक्क्याहून थोडं जास्त सिलिकॉन. ते 1900 ते 2000 मेगापास्कलपर्यंत पोचतं. शेकडो प्रवाशांचं विमान धावपट्टीवर आदळतं तो धक्का हेच पोलाद खातं. पण कार्बनच्या वाटेला एक मोठा अडसर आहे. असं पोलाद वेल्डिंगला फार वाईट. जोड तडकतो. शिवाय 3.2 मीटर व्यासाची पातळ नळी लालबुंद करून बुडवली, तर ती वाकडीतिकडी होऊन बाहेर येईल. रॉकेटच्या कवचाला वेल्डिंगही हवं, पातळपणाही हवा आणि मापही नेमकं हवं.

इथं मॅरेजिंग स्टील येतं. 1960 च्या आसपास अमेरिकेत इंटरनॅशनल निकेल कंपनीच्या संशोधकांनी एक उलटाच विचार केला. पोलादाला बळ देतो तो कार्बन, मग कार्बन काढूनच टाकला तर? त्यांनी 18 टक्के निकेल घातलं, 8 टक्के कोबाल्ट, 5 टक्के मॉलिब्डेनम, अर्ध्या टक्क्याच्या आत टायटॅनियम, आणि कार्बन 0.03 टक्क्याच्या खाली दाबला. एवढ्या निकेलमुळे हे पोलाद पाण्यात बुडवावं लागत नाही. 820 अंशांवरून नुसतं हवेत निवू दिलं तरी मार्टेन्साइट तयार होतं. आणि कार्बन नसल्यामुळे हे मार्टेन्साइट मऊ असतं. त्याची ताटं वाकवता येतात, लेथवर कापता येतात, वेल्डिंग करता येतं. सगळं काम मऊ धातूवर उरकून घ्यायचं. मग तयार भाग भट्टीत ठेवायचा, 480 अंशांना, काही तास.

बाहेरून पाहणाऱ्याला काहीच घडताना दिसत नाही. 480 अंश म्हणजे पोलाद लालसुद्धा होत नाही. पण आत निकेल, टायटॅनियम आणि मॉलिब्डेनमचे अणू हळूहळू सरकत एकत्र येतात आणि त्यांचे कण बनतात, मिलिमीटरच्या लाखाव्या भागाइतके. प्रत्येक डिसलोकेशनच्या वाटेत असे असंख्य कण उभे राहतात. भट्टीत शिरताना जे पोलाद आठशे मेगापास्कलच्या आत वाकलं असतं, ते बाहेर येताना 1700 च्या पुढं गेलेलं असतं. आकारात फरक पडतो हजारात एका भागाहून कमी. सगळ्या धातुशास्त्रात इतकं सुंदर, इतकं गुपचूप चालणारं दुसरं काम मला माहीत नाही.

भारतात हे पोलाद हैदराबादच्या मिश्र धातू निगममध्ये, म्हणजे मिधानीत, निर्वात भट्टीत वितळवतात. तिथं त्याचं नाव एमडीएन-250. त्याची ताटं लाटण्याचं काम राउरकेल्याच्या पोलाद कारखान्यानंही केलं आहे. पुढचं घडवण्याचं काम मुंबईत पवईला लार्सन अँड टुब्रोकडे आणि आपल्याकडे वालचंदनगरला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी नीरेच्या कालव्याकाठी साखर कारखान्यासाठी वसवलेलं हे गाव. साखर कारखान्यांची यंत्रं बनवता बनवता तिथल्या हातांना जाड ताटं वळवायची आणि जोडायची सवय झाली, आणि 1970 च्या दशकापासून इस्रोची कामं तिथं येऊ लागली. उसाचा रस उकळवणाऱ्या भांड्यांपासून रॉकेटच्या कवचापर्यंतचा हा प्रवास महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकात का नाही, याची मला खरोखर खंत वाटते.

आता या कथेतला अवघड भाग. डिसलोकेशनची वाट अडवली की पोलाद बलवान होतं, हे खरं. पण त्या चुकाच पोलादाला वाचवतही असतात. धातूत एखादी बारीक भेग असली, तर ताण येताच तिच्या टोकाशी तो कितीतरी पटींनी एकवटतो. मऊ पोलादात तिथली डिसलोकेशन्स पळतात, टोक बोथट होतं, ताण ओसरतो. अतिबलवान पोलादात त्यांना पळायला वावच नाही. मग भेग बोथट होत नाही, ती धावते. बळ वाढवत नेलं की चिवटपणा घटत जातो, ही या धातूंची मूळची अडचण आहे. काचेत डिसलोकेशन पळतच नाही, आणि काच कशी फुटते ते आपण जाणतोच.

याचा धडा अमेरिकेला 11 एप्रिल 1965 रोजी मिळाला. थायोकॉल कंपनीसाठी 260 इंच, म्हणजे 6.6 मीटर व्यासाचं रॉकेटचं प्रचंड कवच याच 250 प्रतीच्या मॅरेजिंग स्टीलचं बनवलं होतं. इंजिन पेटवण्याआधी त्यात पाणी भरून दाब वाढवत न्यायचा होता, दर चौरस इंचाला 960 पौंडांपर्यंत. 542 पौंडांनाच कवच फुटलं. तुकडे गोळा करून नासाच्या तज्ज्ञांनी मूळ शोधलं, तेव्हा ते निघालं वेल्डिंगच्या जोडात दडलेल्या बारीक दोषांत, जे तपासणीत दिसले नव्हते. त्याच मापाचं एरोजेट कंपनीचं कवच टिग पद्धतीनं, आर्गॉन वायूच्या आवरणाखाली जोडलेलं होतं. ते पाण्याच्या चाचणीत टिकलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याचं इंजिन पेटवूनही पाहिलं गेलं.

पुन्हा पेन्सिल घेऊ. मॅरेजिंग स्टीलचा चिवटपणा आणि वर काढलेला 1000 मेगापास्कलचा ताण, हे दोन आकडे भेगांच्या सूत्रात घातले की सुमारे अडीच मिलिमीटर खोल भेग जीवघेणी ठरते. जोड किती लांब? एका फेऱ्याचाच 10 मीटर. असे अनेक फेरे, शिवाय उभे जोड. इतक्या लांबीत कुठंही एवढासा दोष राहून चालत नाही. म्हणून तिथं वेल्डिंग करणाऱ्याला ताटाची कडा निष्कलंक ठेवावी लागते, तेलाचा ओघळ नाही, घामाचा थेंब नाही. मग एक्स-रे, मग अल्ट्रासॉनिक, मग भेगांत शिरणारा रंग लावून तपासणी. शेवटी पाणी भरून दाबाची परीक्षा. वायूऐवजी पाणीच, कारण पाणी फारसं दबत नाही. कवच फुटलंच तरी दाबून भरलेला वायू जसा स्फोट करेल तसा ते करत नाही. 13 मे 2022 रोजी गगनयानासाठीच्या एचएस-200 बूस्टरची जमिनीवरची चाचणी श्रीहरिकोट्याला झाली. उद्या आपले अंतराळवीर ज्या रॉकेटवर बसतील त्याचा पहिला भार याच जोडांवर असेल. असा जोड घालणारे वेल्डर आणि तो तपासणारे लोक यांचा सत्कार आपल्या गणपती मंडळांनी एकदा तरी करायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

वालचंदनगर पुणे शहरापासून शंभराहून जास्त किलोमीटरवर आहे. पण शहरातही पोलादाची दुसरी एक मोठी कामगिरी चालते, मुंढव्यात आणि पाषाणला. पाषाणच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेनं 2013 मध्ये एटॅग्स या 155 मिलिमीटर तोफेचा प्रकल्प हाती घेतला. मुंढव्याची भारत फोर्ज आणि टाटा यांच्याबरोबर ती घडली. नीलकंठराव कल्याणींनी 1961 मध्ये स्थापलेल्या भारत फोर्जनं तोफेच्या नळ्या करायला शिकण्यासाठी स्वित्झर्लंडमधल्या रुआग कंपनीची तोफनिर्मितीची यंत्रसामग्रीच उचलून पुण्याला आणली होती.

तोफेच्या नळीचं पोलाद रॉकेटच्या कवचाइतकं बलवान नसतं, आणि मुद्दाम नसतं. निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम घातलेलं हे पोलाद हजार-बाराशे मेगापास्कलवर थांबवतात, कारण इथं चिवटपणा आधी. नळी 52 कॅलिबरची, म्हणजे 155 च्या 52 पट, 8 मीटरहून थोडी लांब. गोळा सुमारे 45 किलोंचा. तो नळीतून जेमतेम दोन शतांश सेकंदात बाहेर पडतो आणि तेवढ्या वेळात नळीच्या मुळाशी चार हजार वातावरणांच्या आसपास दाब येतो. हे एकदा नव्हे, हजारो वेळा.

असं पोलाद साध्या ओतकामानं मिळत नाही. भट्टीतून आलेला ठोकळा पुन्हा वितळवतात, विजेच्या प्रवाहानं, तापलेल्या द्रव मळीच्या थरात. ठोकळ्याचं टोक थेंबाथेंबानं वितळून त्या थरातून खाली ठिबकतं, गंधक आणि ऑक्सिजनचे कण मळीत अडकतात आणि खाली स्वच्छ पोलाद पुन्हा गोठत जातं. एक ठोकळा असा व्हायला कित्येक तास लागतात. घाई केली की काम वाया.

पण सगळ्यात भारी युक्ती शेवटी येते. तिचं नाव ऑटोफ्रेटाज. नळी तयार होत आली की तिच्या आत मुद्दाम इतका दाब देतात, किंवा छिद्राहून किंचित मोठा कठीण गोळा रेटून नेतात, की आतला थर कायमचा फुगतो. बाहेरचे थर मात्र नुसते ताणलेले असतात. दाब काढला की बाहेरचे थर मूळ मापाला परतू पाहतात, पण आतला थर आता मोठा झालेला. मग बाहेरचे थर त्याला कायमचे आवळून धरतात. पुढं गोळा सुटताना आतल्या दाबाची बरीचशी ताकद ही आवळणी सैल करण्यातच खर्च होते. भेगा वाढायच्या त्या आतल्या पृष्ठभागावरूनच, आणि तोच पृष्ठभाग सदैव मिटलेला राहतो. आपल्याकडचे जुने कारागीर उभ्या लोखंडी पट्ट्यांवर तापवलेल्या कड्या चढवून तोफा करत. निवताना कडी आकसून आतल्या नळीला आवळे. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराला ऑटोफ्रेटाज समजावून सांगायला फारसा वेळ लागला नसता.

या तोफेनं 2017 मध्ये पोखरणला 48 किलोमीटरचा पल्ला गाठला. सप्टेंबर 2020 मध्ये तिथंच चाचणीत एका नमुन्याची नळी फुटली आणि माणसं जखमी झाली. अशा कामात धातूशी गाठ असते ती ही. चाचण्या पुन्हा सुरू झाल्या आणि 2022 च्या स्वातंत्र्यदिनी लाल किल्ल्यावरच्या सलामीत हीच तोफ गरजली. 26 मार्च 2025 रोजी संरक्षण मंत्रालयानं 307 तोफांसाठी सुमारे 6,900 कोटींचे करार केले. त्यातल्या 184 भारत फोर्ज बनवणार आहे.

रॉकेट आणि तोफ लांबची वाटत असतील, तर रस्त्यावर पाहा. आजच्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या दारांमधला खांब बहुतेक वेळा बोरॉन पोलादाचा असतो. एका टन पोलादात बोरॉन 20 ते 50 ग्रॅम, बस्स. पत्रा 900 अंशांच्या वर तापवतात, लालबुंद असतानाच दाबयंत्रात घालतात आणि ज्या साच्यात तो आकार घेतो त्याच साच्यात, आतून फिरणाऱ्या थंड पाण्यामुळे, काही सेकंदांत निवतो. लोहाराचा हातोडा आणि पाण्याची कुंडी एकाच यंत्रात आली. हाती येतो 1500 मेगापास्कलचा खांब. ही पद्धत स्वीडनमधली. 1984 च्या साब 9000 मोटारीत ती पहिल्यांदा आली. भारतात 1 ऑक्टोबर 2023 पासून गाडीची सुरक्षितता जोखणारे भारत एनकॅपचे तारे सुरू झाले. ज्या संस्थांमध्ये गाड्या त्यासाठी धडकवतात त्यांत पुण्याची एआरएआय आहे, तिची चाचणीशाळा चाकणला. बाजूनं धडक बसल्यावर प्रवाशाच्या बरगड्या आणि धडकलेला ट्रक यांच्यामध्ये उरतो तो हा खांब.

आणि भोसरीच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये 12.9 चा बोल्ट मागून पाहा. आकडा त्याच्या डोक्यावरच कोरलेला असतो: 1200 मेगापास्कलचं बळ, आणि त्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत न वाकण्याची हमी. अशा बोल्टला गॅल्व्हनाइज किंवा प्लेटिंग करताना एक अदृश्य शत्रू आत शिरतो, हायड्रोजन. विश्वातला सगळ्यात हलका अणू. दहा लाखांत दोन-चार भाग एवढाही तो पुरतो. बोल्ट घट्ट बसवल्यावर दिवसभर काही होत नाही आणि मग रात्री, कुणी हात न लावता, तो तुटतो. म्हणून प्लेटिंग झाल्याबरोबर असे भाग 190 अंशांच्या भट्टीत कित्येक तास ठेवतात, विमानाचे भाग तर जवळजवळ दिवसभर, की हायड्रोजन निघून जावा. घाईत ही पायरी गाळणारा माणूस कुणाच्या तरी जिवाशी खेळत असतो.

तरीही यांतलं सगळ्यात बलवान पोलाद कदाचित तुमच्या घरातच असेल. मिरजेच्या तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा पोलादी असतात. 0.3 मिलिमीटरची तशी तार 2400 मेगापास्कलच्या आसपास टिकते. मॅरेजिंग स्टीलहून जास्त. एवढ्याशा तारेला 17 किलो वजन टांगता येईल. तिचं बळ येतं ते ओढण्यातून. लहान लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून तार ओढत नेली की तिच्या आतले लोखंड आणि लोह-कार्बाइडचे एकाआड एक थर अतिशय पातळ होतात आणि डिसलोकेशनला हलायला जागा उरत नाही. 2014 मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी अशाच जातीची तार 7000 मेगापास्कलपर्यंत नेली. ब्रेनरच्या निर्दोष तंतूच्या निम्म्याहून जास्त, आणि तेही चुकांनी खचाखच भरलेल्या धातूत. रॉकेट मात्र या तारेचं होत नाही. वेल्डिंगची आच लागली की थर मोडले आणि बळ गेलं.

हे सगळं एवढ्या तपशिलानं लिहिण्यामागं एक कारण आहे. दर वर्षी जून-जुलैत अभियांत्रिकी प्रवेशाच्या कॅप राउंडचे फॉर्म भरले जातात. घरोघरी कॉम्प्युटर, एआय, इलेक्ट्रॉनिक्स अशा क्रमानं रकाने भरत जातात आणि मेटलर्जी अगदी तळाला, ‘नाहीच काही मिळालं तर’ म्हणून टाकली जाते. शिवाजीनगरला सीओईपीत ही शाखा आहे, नागपूरला व्हीएनआयटीत आहे, मुंबईला आयआयटीत आहे. तुमच्या घरात बारावीचं मूल असेल आणि त्याला वस्तू आतून कशा असतात याचं कुतूहल असेल, तर तो रकाना तळाला टाकण्याआधी त्याला एकदा ही शाखा शिकवणाऱ्या एखाद्या प्राध्यापकाशी तासभर बोलू द्या.